गिझरच्या पोटातली कांडी

मेकॅनिकनं गिझरचं बूड उघडलं की क्षारांच्या पांढऱ्या खपल्यांबरोबर एक काळपट, वाकडी तार खाली येते. घरमालक विचारतो, ‘ही कसली तार?’ ती तार म्हणजे संपलेल्या कांडीचा सांगाडा. कधीकाळी तिच्याभोवती बोटाएवढ्या जाडीचं मॅग्नेशियम होतं. ते पाच-सहा वर्षांत कणाकणानं विरघळून गेलं आणि त्यानंतर टाकीची पाळी आली. बेळगाव-निपाणी पट्ट्यात गिझर नसलेलं पक्कं घर आता शोधावं लागेल, पण ही कांडी दरवर्षी तपासणारी घरं मात्र हाताच्या बोटांवर मोजावी लागतील. कुणी सुचवलंच तर उत्तर ठरलेलं असतं: “पाणी तापूलंय की! मग उघडायचं कशाला?”

कांडी झिजून गेली तरी पाणी तापतंच, घोळ तिथंच आहे. कॉईल जळली तर त्याच दिवशी कळतं, थर्मोस्टॅट बिघडला तर दोन दिवसांत कळतं. कांडी संपल्याचं मात्र टाकीला भोक पडल्यावर कळतं, आणि तोवर नवा गिझर घेण्यावाचून गत्यंतर उरत नाही. काही शे रुपयांची वस्तू वेळेवर न बदलल्यामुळे काही हजारांची वस्तू भंगारात जाते.

दुकानात तिला ‘मॅग्नेशियम रॉड’ किंवा ‘अ‍ॅनोड’ म्हणून मागतात. तिचं काम समजून घ्यायला घरातली जस्ताची बादली पुरेशी आहे. त्या बादलीवर ओरखडा पडला तरी तिथं लगेच गंज धरत नाही, कारण शेजारचं जस्त आधी स्वतः झिजतं आणि लोखंडाला सांभाळतं. धातूंची याबाबतीत एक उतरंड आहे आणि ती व्होल्टमध्ये मोजता येते: मॅग्नेशियम उणे 2.37, अ‍ॅल्युमिनियम उणे 1.66, जस्त उणे 0.76, लोखंड उणे 0.44 आणि तांबं अधिक 0.34. दोन धातू एकमेकांना जोडलेले असले आणि दोन्ही पाण्यात बुडालेले असले, की या उतरंडीत ज्याचा आकडा जास्त उणे तो आधी विरघळतो आणि दुसरा वाचतो. गिझरची टाकी पोलादी पत्र्याची असते. तिला आतून काचेसारख्या एनॅमलचा लेप देऊन आठशे अंशांहून जास्त तापमानाला भाजलेलं असतं. तरी वेल्डिंगच्या कडांना, नळ्यांच्या तोंडाशी त्या लेपात बारीक छिद्रं राहतातच. गरम पाणी नेमकं तिथं पत्र्याला भिडतं. मॅग्नेशियमची कांडी ही छिद्रं राखते.

आजीच्या काळात हा प्रश्नच नव्हता. न्हाणीतला बंब तांब्याचा असायचा. त्यात काटक्या, करवंट्या, उसाची चिपाडं जायची आणि वर्षाकाठी चिंच लावून घासला की तो पुन्हा लखलखायचा. तांबं उतरंडीच्या दुसऱ्या टोकाला असल्यानं साध्या पाण्यानं त्याचं फारसं वाकडं होत नाही. विजेचे गिझर आले, तांबं महागलं, पोलादी टाक्या आल्या आणि टाकीबरोबर तिची राखणदार कांडीही आली. बंबाची देखभाल डोळ्यांना दिसायची. कांडीची देखभाल बंद पेटीत असते, म्हणून ती विसरली जाते.

एक धातू झिजवून दुसरा वाचवायची ही युक्ती दोनशे वर्षांची आहे. 1824 साली हंफ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञापुढे ब्रिटिश नौदलाची अडचण आली होती. लाकडी जहाजांच्या बुडाला ठोकलेला तांब्याचा पत्रा समुद्राच्या पाण्यात झिजत होता. डेव्हीनं तांब्याला जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडून पाहिले आणि तांब्याची झीज थांबली. पण ती इतकी थांबली, की पूर्वी विरघळणाऱ्या तांब्याच्या विषानं दूर राहणारे समुद्री शिंपले आता बुडाला खुशाल चिकटू लागले आणि जहाजं मंदावली. नौदलानं प्रयोग गुंडाळला. तत्त्व मात्र पक्कं निघालं. आज जहाजांची पोलादी अंगं, जमिनीखालच्या तेलवाहिन्या आणि न्हाणीघरातले गिझर त्याच तत्त्वावर टिकून आहेत.

कांडी किती दिवस टिकते, या प्रश्नाचं एकच उत्तर देणारा मेकॅनिक दुसऱ्या गावचा समजावा. बेळगाव जिल्ह्यात ते उत्तर पाण्यावर ठरतं, आणि इथं पाणी एका प्रकारचं नाही.

बेळगाव शहराचं नळाचं पाणी मार्कंडेय नदीवरच्या राकसकोप जलाशयातून आणि घटप्रभेवरच्या हिडकल धरणातून येतं. हे सह्याद्रीवर पडलेल्या पावसाचं, खडकात फार न मुरलेलं पाणी आहे, म्हणून त्यात विरघळलेले क्षार कमी असतात. शहराच्या पश्चिमेला आणि खानापूरकडे तांबडी माती आणि जांभा दगड आहे. त्यातल्या विहिरींचं पाणीही सर्वसाधारणपणे मऊ असतं. टिळकवाडीतली काँग्रेस विहीर अशाच जमिनीत काँग्रेसच्या 1924 च्या अधिवेशनासाठी खोदली गेली. मऊ पाण्यात साबणाला फेस छान येतो आणि बादलीला पांढरे डाग पडत नाहीत, म्हणून लोक निर्धास्त राहतात. पण जांभ्यातलं पाणी बऱ्याचदा किंचित आम्लधर्मी असतं. ते क्षारांचा थर देत नाही, त्यामुळे पत्रा उघडाच राहतो आणि पाणी त्याला कुरतडत राहतं. असा गिझर उघडला तर आत स्वच्छ दिसतो आणि कांडी मात्र बारीक झालेली असते.

निपाणीकडे, चिकोडीकडे जावं तशी जमीन काळी होत जाते. तंबाखूला मानवणारी हीच ती माती, खाली बेसाल्टचा काळा पाषाण. निपाणी शहराला जवाहर तलावाचं पाणी आहे, नदीकाठच्या गावांना वेदगंगा-दूधगंगेचं आहे. पण शेतातली घरं, नवे प्लॉट आणि उन्हाळ्यातली अर्धी वस्ती बोअरवर असते. पाषाणाच्या भेगांतून आलेल्या या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. पाणी तापलं, विशेषतः साठ अंशांच्या वर गेलं, की ते क्षार कॉईलवर आणि टाकीच्या तळाशी साचतात. असा गिझर चालू केला की आतून तडतड, खदखद ऐकू येते. इथं कांडीवरही थर चढतो आणि वेगळीच अडचण उभी राहते. कांडी जाडजूड दिसते, पण थराखाली झाकली गेल्यामुळे काम करत नाही.

पाणी जड आहे की मऊ, हे कळायला प्रयोगशाळा लागतेच असं नाही. स्वयंपाकघरात विचारावं. तुरीची डाळ शिजायला वेळ लागतो का, चहाच्या पातेल्याला आतून पांढरी कड धरते का, केस धुतल्यावर राठ होतात का? तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर पाणी जड आहे. आकडा हवाच असेल तर पाण्याची तपासणी करून घ्यावी. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस 10500 मध्ये, एकूण कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरमागे 200 मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत सूट आहे. बाजारातला पेनासारखा टीडीएस मीटर कठीणपणा मोजत नाही. तो विरघळलेल्या सगळ्याच पदार्थांचा अंदाज देतो. तरी कांडीच्या दृष्टीनं तो उपयोगी पडतो, कारण क्षार जितके जास्त तितकी पाण्यातून वीज चांगली वाहते आणि कांडी तितकी भराभर झिजते.

शहरातल्या बऱ्याच घरांची गोष्ट मऊ आणि जड पाण्याच्या मधली आहे. 2008 पासून बेळगावच्या काही प्रभागांत प्रायोगिक तत्त्वावर चोवीस तास पाणी सुरू झालं. बाकी भागांत एप्रिल-मे आला की नळ, टँकर आणि बोअर यांचा मिश्र कारभार चालतो. म्हणजे एकच गिझर आठ महिने धरणाचं आणि चार महिने पाषाणातलं पाणी पितो. अशा घरानं शेजाऱ्याच्या अनुभवावर जाऊ नये. पहिल्या वर्षी उघडून स्वतःची कांडी पाहावी आणि तिच्या झिजेवरून पुढचा हिशेब मांडावा. वर्षात पाव भाग गेली असेल तर दोन वर्षांनी बदलली तरी चालेल. निम्मी गेली असेल तर वर्षाला एक धरून चालावं. पाणी मऊ करणारं मिठाचं यंत्र घरात बसवलेलं असेल तर कॉईलवरचा थर थांबतो, पण कांडी उलट लवकर संपते. हे यंत्र विकताना क्वचितच सांगितलं जातं.

मुहूर्त नवरात्राच्या आवराआवरीचा धरावा. घर तेव्हा तसंही खालीवर झालेलं असतं, पावसाळा सरलेला असतो आणि थंडी यायला महिनाभर असतो. शिवाय दिवाळीच्या पहिल्या पहाटे अभ्यंगाला गिझर रुसला तर शहरातला एकही मेकॅनिक फोन उचलत नाही. खंडेनवमीला पाने-पक्कड पूजेला मांडण्याआधी त्यांच्याकडून एवढं काम करून घेता येतं.

आधी आपल्या गिझरला कांडी आहे का, ते पाहावं. गॅसच्या गिझरला टाकीच नसते, म्हणून कांडीही नसते. (त्याचा धोका वेगळा आहे. बंद न्हाणीघरात कार्बन मोनॉक्साइड साचून माणसं दगावतात. तो बाहेर किंवा हवेशीर जागीच बसवायला हवा.) एक-तीन लिटरच्या इन्स्टंट गिझरांतही ती बहुधा नसते. तांब्याच्या टाकीला ती लागत नाही. स्टेनलेस टाक्यांत काही कंपन्या देतात, काही देत नाहीत. पंधरा-पंचवीस लिटरच्या, काचलेपाच्या पोलादी टाकीत मात्र ती असतेच. माहितीपुस्तिकेत ‘मॅग्नेशियम अ‍ॅनोड’ असा उल्लेख शोधावा आणि त्याच पानावर वॉरंटीच्या अटीही वाचाव्यात. वॉरंटी चालू असताना स्वतः उघडल्यास टाकीची हमी जाऊ शकते, तेव्हा त्या काळात कंपनीच्याच माणसाला बोलवावं. मात्र तो आला की ‘कांडी काढून दाखवा’ असं स्पष्ट सांगावं, कारण नुसती सर्व्हिसिंग म्हणजे बऱ्याचदा बाहेरून फडकं मारणं.

आता प्रत्यक्ष काम. भिंतीवरच्या उभ्या गिझरात कॉईल, थर्मोस्टॅटची नळी आणि कांडी या तिन्ही गोष्टी बहुधा तळाच्या एकाच गोल चकतीवर बसवलेल्या असतात. तिला फ्लँज म्हणतात. विजेच्या कामाची सवय नसेल तर हे सगळं जाणत्याकडून करून घ्यावं आणि शेजारी उभं राहून पाहावं. त्यात काही कमीपणा नाही. दोन किलोवॅटची वीज आणि पाणी एकाच पेटीत असतात.

रात्रीच गिझर बंद करून ठेवावा म्हणजे सकाळी पाणी निवलेलं असतं. एमसीबी पाडावा आणि नंतर प्लगही काढावा. नुसत्या बटणावर विसंबू नये, कारण वायरिंग उलटं असेल तर बटण बंद असूनही कॉईलपर्यंत वीज येते. झाकण उघडल्यावर टर्मिनलला टेस्टर लावून खात्री करावी. त्यानंतर थंड पाण्याचा कॉक बंद करावा आणि गरम पाण्याचा नळ उघडा ठेवावा. निळ्या खुणेची नळी पाणी आत नेते, लाल खुणेची बाहेर काढते. निळ्या बाजूच्या सेफ्टी व्हॉल्व्हमध्ये पाणी मागं न येऊ देणारी झडप असते, म्हणून टाकी रिकामी करायला त्या बाजूचा जोड सोडवावा लागतो. पंचवीस लिटरच्या टाकीला दोन मोठ्या बादल्या हाताशी हव्यात. गरम पाण्याचा नळ उघडा नसेल तर हवा आत शिरत नाही आणि पाणी अडून बसतं. मग माणूस फ्लँज खोलतो आणि थेट अंघोळच होते.

खालचं झाकण उघडलं की वायरी सोडण्याआधी मोबाईलवर फोटो काढावा. दोन, वेगवेगळ्या कोनांतून. परत जोडताना प्रत्येकाला आपली स्मरणशक्ती चांगली वाटते, आणि नेमकी अर्थिंगची हिरवी वायर लोंबकळत राहते. थर्मोस्टॅटची बारीक तांब्याची नळी असेल तर ती हळूच ओढावी. तिला मुरड पडली तर थर्मोस्टॅट गेला. फ्लँजचे नट एका बाजूनं ओळीनं न सोडता समोरासमोरचे थोडे-थोडे ढिले करावेत. चकती चिकटून बसलेली असेल तर हलकेच हलवावी, हातोडा मारू नये. आतला लेप काचेचा आहे. चकती खाली येताना उरलेलं पाणी आणि क्षारांचा चिखल येतो, तेव्हा चष्मा असेल तर घालावा.

इथं घाई न करता कांडी नीट पाहावी, कारण ती पाण्याचा वर्षभराचा अहवालच घेऊन आलेली असते. खडबडीत, खड्डे पडलेली, मधमाशीच्या पोळ्यासारखी झालेली कांडी म्हणजे काम व्यवस्थित चाललं आहे. जाडी निम्म्यावर आली असेल किंवा कुठंही आतली तार उघडी पडली असेल, तर बदलावी. पांढऱ्या कवचात गुंडाळलेली असेल तर ते खरवडून खाली किती धातू शिल्लक आहे ते बघावं. आणि वर्षं उलटूनही अगदी कोरी करकरीत दिसली, तर खूश होऊ नये. बहुधा तिचा टाकीशी धातूचा संपर्कच नाही, म्हणजे आटा ढिला आहे किंवा मध्ये गंज आहे. संपर्क नसलेली कांडी निरुपयोगी असते. त्या काळात टाकी एकटीच झिजत राहिलेली असते.

जुनी कांडी पान्यानं उलट फिरवून निघते. कॉईल दुसऱ्या हातानं धरून ठेवावी, तिच्यावर जोर येऊ देऊ नये. नवी बसवण्याआधी आटे ब्रशनं साफ करावेत. कांडीला तेल, ग्रीस, रंग काहीही लावू नये. ती फ्लँजच्या आतल्या बाजूला असल्यामुळे गळती थांबवायला तिथं टेफ्लॉन टेपची गरजही नसते. उघड्या धातूला उघडा धातू भिडला पाहिजे.

कॉईलवरचा थर काढायला लिंबूसत्त्व उत्तम. कोमट पाण्यात विरघळवून त्यात कॉईल तास-दोन तास बुडवून ठेवावी, टर्मिनलची बाजू कोरडी ठेवावी. थर भुसभुशीत होऊन गळतो. संडास धुण्याचं अ‍ॅसिड इथं वापरू नये. ते थराबरोबर कॉईलचं आवरणही खातं. टाकीच्या आत सळई किंवा पटाशी घालू नये, नुसता पाण्याचा फवारा मारून चिखल बाहेर काढावा. जाता जाता एक गैरसमज: ‘क्षार बसला की बिल दुप्पट येतं’ असं सर्रास सांगितलं जातं. पाण्यात बुडालेल्या कॉईलची उष्णता शेवटी पाण्यातच जाते, त्यामुळे बिलात फार मोठा फरक पडत नाही. पंचवीस लिटर पाणी वीस अंशांवरून साठवर न्यायला साधारण 1.16 युनिट लागतात, म्हणजे दोन किलोवॅटच्या कॉईलला सुमारे 35 मिनिटं. थराचं खरं नुकसान वेगळं आहे. त्याच्याखाली कॉईल स्वतः अति तापते आणि फुटते.

रबरी गॅस्केट मात्र प्रत्येक वेळी नवंच घालावं. जुनं ‘अजून बरं आहे’ म्हणून बसवलं, की आठ दिवसांनी थेंब थेंब गळायला लागतं आणि ते पाणी नेमकं वायरींवर पडतं. नट पुन्हा समोरासमोर, टप्प्याटप्प्यानं आवळावेत. वायरी जोडण्याआधी पाणी भरावं. गरम पाण्याच्या नळातून हवेचे फुरफुर आवाज थांबून सलग धार लागली म्हणजे टाकी भरली. नळ बंद करून पंधरा मिनिटं थांबावं, फ्लँजच्या कडेनं कोरडा कागद फिरवावा. कागद कोरडा निघाला तरच वायरी, अर्थिंग, झाकण आणि शेवटी वीज. रिकाम्या टाकीत कॉईल चालू झाली तर ती पाहता पाहता जळते. न्हाणीघराच्या लाइनवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच लाइन तोडणारा स्विच, नसेल तर तोही याच निमित्तानं बसवून घ्यावा. थर्मोस्टॅट 60 अंशांवर ठेवावा. 75 वर ठेवलं तर क्षारही जास्त साचतात आणि कांडीही जास्त झिजते. फार खाली, चाळिशीत ठेवलं तर कोमट साठलेल्या पाण्यात जंतू वाढतात.

नवी कांडी घ्यायला जुनी बरोबर न्यावी. आट्याचं माप, लांबी आणि जाडी कंपनीगणिक बदलते. जरा आखूड चालेल, पण टाकीच्या छताला टेकेल इतकी लांब नको. साध्या, मऊ पाण्याला मॅग्नेशियमच हवं. फार जड पाण्यात अ‍ॅल्युमिनियमची कांडी जास्त दिवस टिकते. तिचा कच्चा माल तर दारातलाच म्हणायचा. चंदगड-राधानगरी भागातल्या जांभ्याच्या पठारांवर बॉक्साइट सापडतं आणि बेळगावात हिंडाल्कोचा अ‍ॅल्युमिना कारखाना आहे. पण त्या गिझरचं पाणी कुणी स्वयंपाकाला घेत असेल तर अ‍ॅल्युमिनियमपेक्षा मॅग्नेशियम बरं. एकूणच गिझरचं पाणी चहाला, भाताला घेण्याची सवय सोडलेली बरी.

गरम पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास येत असेल आणि थंड पाण्याला येत नसेल, तर त्यामागंही कांडीचा हात असू शकतो. बोअरच्या पाण्यातल्या सल्फेटवर जगणारे काही जंतू मॅग्नेशियमच्या झिजेतून सुटणाऱ्या हायड्रोजनच्या आधारानं वाढतात आणि तो वास सोडतात. काही मेकॅनिक अशा वेळी कांडीच काढून टाकतात. वास जातो, आणि वर्षा-दोन वर्षांत टाकीही जाते. त्याऐवजी टाकी धुवावी, पाणी एकदा साठ अंशांच्या वर तापवून सोडून द्यावं आणि जस्त मिसळलेली अ‍ॅल्युमिनियमची कांडी लावावी. याच हायड्रोजनमुळे आणखी एक पथ्य आहे. पुण्या-मुंबईला लेकाकडे दोन-तीन आठवडे राहून आल्यावर गरम पाण्याचा नळ आधी हळू उघडावा आणि फुरफुर थांबेपर्यंत जवळ काडी पेटवू नये.

कांडी वेळेवर बदलूनही काही गिझर गळतात. तेव्हा तपासावी ती नळजोडणी. तांब्याची नळी आणि जीआयचा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा, एल्बो थेट जोडला, की त्याच उतरंडीनुसार जीआय झिजतो. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेलाही हे चुकलं नाही. 1886 साली उभारलेल्या त्या पुतळ्याची कातडी तांब्याची, आतला सांगाडा लोखंडाचा, आणि मधलं विलगीकरण खराब झाल्यावर लोखंड इतकं गंजलं की 1980 च्या दशकात सांगाड्याच्या पट्ट्या बदलाव्या लागल्या. न्हाणीघरात एवढा खर्च नाही, मध्ये पितळी निपल घातलं की भागतं.

गच्चीवरच्या सोलरच्या टाकीतही बऱ्याचदा अशीच कांडी असते. ती टाकीच्या बाजूला वेगळ्या सॉकेटात असल्यामुळे काढायला सोपी, पण चढून बघायला कुणी जात नाही. हे काम भल्या पहाटे करावं. दुपारी टाकीतलं पाणी हात भाजेल इतकं तापलेलं असतं. शिवाय उन्हात तापलेल्या रिकाम्या काचनळ्यांत गार पाणी सोडलं तर नळ्या तडकतात. चादर किंवा ताडपत्री टाकून नळ्या झाकाव्यात, मगच टाकी रिकामी करावी. इथं कांडी पाणी अडवणाऱ्या आट्यातच बसते, म्हणून टेफ्लॉन टेपचे दोन वेढे लागतात. पण दोनच, जास्त नकोत, नाहीतर धातूचा संपर्क तुटतो.

अमेरिकेत फिरत्या घरांच्या, म्हणजे आरव्हींच्या, गिझरांत हीच रचना आहे. सबर्बन कंपनीच्या पोलादी टाकीत कांडी म्हणजेच टाकी रिकामी करण्याचं बूच. तिथल्या मालकांना थंडीआधी पाणी काढून टाकावं लागतं, त्यामुळे दरवर्षी कांडी आपोआप नजरेखालून जाते. गॅस आणि वीज बंद करून, वरच्या झडपेनं दाब सोडून, 27 मिलिमीटरच्या म्हणजे एक पूर्णांक एक सोळांश इंची सॉकेटनं ती फिरवली की काम झालं. अ‍ॅटवुड या दुसऱ्या कंपनीच्या टाक्या अ‍ॅल्युमिनियमच्या, त्यांना कांडी लागत नाही. तिकडे राहणाऱ्या मुलानं जुनी आरव्ही घेतली असेल तर त्याला आधी टाकी कुठल्या कंपनीची ते बघायला सांगावं. महाराष्ट्रानं 2021 साली कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. आपल्याकडच्या रस्त्यांवर अशा गाड्या वाढल्या तर त्यांच्या चालकांनाही हा प्रश्न पडेलच. आपल्या घरगुती गिझरांचं बूड मात्र इतक्या सहज उघडत नाही, म्हणून इथं तारीख ठरवून घ्यावी लागते.

ती तारीख मार्करनं गिझरच्या बाजूलाच लिहावी, डायरीत नको. महिना, वर्ष आणि शेजारी एक शब्द: ‘नळ’ किंवा ‘बोअर’. जुन्या कांडीतून निघालेली तार एका कागदी पिशवीत घालून झाकणाच्या खिळ्याला अडकवून ठेवावी. पुढच्या नवरात्रात दुसरा मेकॅनिक आला तर त्याला माप विचारावं लागणार नाही.